हातात दिलेला चाकू

आमच्या घरात सुरी, विळा, कोयता कधीच एका हातातून दुसऱ्या हातात जात नसे. देणाऱ्याने जमिनीवर ठेवायचा, घेणाऱ्याने वाकून उचलायचा. हातात दिला की भांडण होतं, असं आईचं ठाम मत. पुरावाही तयार असे. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात बाबांनी तिच्या हातातून कोयता ओढून घेतला होता. पुढे जन्मभर दोघं जी काही भांडली ती म्हणे त्या कोयत्यामुळे. बाबांच्या स्वभावाचा किंवा आईच्या जिभेचा त्यात काडीचा संबंध नव्हता.

भांडत मात्र खणखणीत. जूचंद्रला आमचं घर आणि घराला मागे लागूनच भाजीची वाडी. बाबा मिठागरावर कामाला जात आणि उरलेल्या वेळात वाडीत दुधी, शिराळी, वांगी लावत. वांग्याला पाणी जास्त झालं की कमी, यावर सकाळचा चहा थंड व्हायचा. शेजारी आवाज ऐकून म्हणत, दोघंही ठणठणीत आहेत.

नव्वदचं दशक संपत आलं होतं आणि मी कॉलेजात होते, तेव्हा बाबांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली. बोलणं काही आठवड्यांनी परत आलं, जरा जड, पण कळण्यासारखं. परत आलं नाही ते भांडण. ज्या माणसाने मीठ पिकवण्यात आयुष्य घातलं त्याला डॉक्टरांनी जवळजवळ अळणी खायला लावलं, आणि तो ताट पुढे ओढून नुसतं "हां" म्हणे. आईने एकदा मुद्दाम खिचडी करपवली. तरी "हां". मग ती मोरीत जाऊन रडली. मलाही त्या "हां"चा भयंकर राग यायचा. बाबा समोर बसलेले असत आणि तरी मला त्यांची आठवण येई.

वाडीत हात चालला तर माणूस सुधारेल, असं मामाचं म्हणणं. आईचा हा धाकटा भाऊ जहाजावर खलाशी होता. पण बाबांच्या चालत्या हातात काठी. कमरेला कोयता अडकवला आणि तोल जाऊन पडले तर काय, या भीतीने आईने सगळे कोयते माळ्यावर टाकले होते. त्यांचा जुना घडीचा चाकू उघडायला दोन हात लागत. तेव्हा मामाने आपल्या पेटीतून एक खटक्याचा चाकू काढला. जहाजावर एक हात दोराला गुंतलेला असतो, म्हणून त्याने कुठल्याशा बंदरात तो घेतला होता.

वस्तू लहानशीच. मुठीच्या आत दाबून बसवलेली स्प्रिंग. पात्याच्या बुडाशी एक खाच आणि त्या खाचेत अडकून पात्याला आत धरून ठेवणारा बटणाचा दाता. बटण दाबलं की दाता सुटतो, स्प्रिंग पातं बाहेर फेकते आणि तोच दाता दुसऱ्या खाचेत बसून पातं पक्कं धरतो. मिटताना पुन्हा बटण दाबायचं आणि पात्याची बोथट पाठ मांडीवर टेकवून आत लोटायची. बाजूला एक सरकपट्टी होती. ती ओढून ठेवली की खिशात चुकून उघडायची भीती नाही. मी दुपारभर खट्-खट् करून आईचा ओरडा खाल्ला.

तो आवाज ऐकून शेजारचे निवृत्त हवालदार काका आले. चाकू हातात घेताच त्यांचा चेहरा ड्युटीवरचा झाला. कलम काही त्यांना आठवेना, पण मतलब सांगितला. शस्त्रांचा कायदा पात्याची लांबी-रुंदी बघतो आणि घरच्या, शेतीच्या हत्यारांना सूट देतो. खटक्याच्या चाकूची गोष्ट मात्र वेगळी. कुठे त्याच्यावर खास बंदी असते, कुठे पोलीस अधूनमधून मनाईचा हुकूम काढतात, आणि नाक्यावर कुणाच्या खिशात सापडला तर आधी चौकी, मग खुलासा.

"पोलिसाला पातं दिसतं, तुमची वाडी नाय दिसत," ते बाबांना म्हणाले. "कुंपनाच्या भायेर न्यायाचा नाय."

बाबा म्हणाले, "हां."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिघं वाडीत गेलो. दुधी काढायला झाले होते. आईने चाकू आणला आणि सवयीने बांधावर ठेवला. तिच्या ते ध्यानातही आलं नाही. बाबा तो उचलायला वाकले, काठी घसरली आणि ते सरळ वांग्यांच्या वाफ्यात बसले. लागलं नाही, पण दोन रोपं मोडली. एरवी त्यांनी अख्खी आळी गोळा केली असती. ते तसेच मातीत बसून राहिले आणि आईकडे बघून कसंनुसं हसले.

आम्ही दोघींनी त्यांना उभं केलं, दुधीच्या मांडवाच्या खांबाला टेकवलं. आईने चाकू उचलला. मला वाटलं, आता जवळच्या उलट्या घमेल्यावर ठेवील, म्हणजे वाकायला नको. तिने बाबांच्या डाव्या हाताची बोटं उघडली, मिटलेला चाकू तळव्यावर ठेवला आणि आपल्याच हाताने मूठ मिटली.

"होऊ दे काय भांडन व्हायाचं ते," ती म्हणाली.

बाबांनी अंगठ्याने पट्टी सरकवली, बटण दाबलं. खट्. दुधीचा देठ कापला गेला आणि मी तो दुधी वरच्यावर झेलला. त्यांनी मान वर करून मांडवाकडे पाहिलं. कपाळावर ती जुनी आठी आली.

"ही गाठ कोनी बांधली? वेल बांधलाय का म्हैस?"

"मीच बांधली. तुमी खाटेवर व्हते, वेल काय वाट बघनार व्हता?"

मग पाण्यावरून झालं, खतावरून झालं, मोडलेल्या वांग्यांचंही राहिलेलं होऊन गेलं. आई कमरेवर हात ठेवून एकेका शब्दाला उत्तर देत होती आणि तिचे डोळे वाहत होते. हवालदार काकांनी कुंपणावरून डोकावून पाहिलं आणि ते परत गेले.

त्यानंतर बाबा बरीच वर्षं होते. खाऱ्या हवेने स्प्रिंग गंजून गेली, पण तोवर त्यांचा डावा हात साध्या सुरीवरही चांगला बसला होता. आता ते नाहीत. आई भाजी चिरायला बसते, मी शेजारी बसले की सुरी सरळ माझ्या हातात देते. पहिल्यांदा मी बिचकले, खाली ठेव म्हटलं. ती म्हणाली, "घे गो. घरात भांडायला कोनी नको का?"