चांगदेवभाऊंची आइसलँडची तळी

निरगुडसरच्या चांगदेवभाऊंनी २००३ साली आइसलँडची तळी पाहिली, आणि तेव्हापासून पंचक्रोशीत सुखानं कुणाचा दहावा उरकणं अवघड झालं.

भाऊंचं फुलांचं पॉलिहाऊस होतं. पॉलिहाऊसवाल्यांचा एक दौरा हॉलंडला निघाला आणि तिथून पुढं आइसलँडला गेला. तिकडं जमिनीतल्या गरम पाण्यावर काचघरं तापवतात, ती बघायला. मंचरचे खतांचे व्यापारी रूपचंदशेठ सोबत होते. काचघरं बघून झाल्यावर गाइडनं मंडळींना मीवात्न नावाच्या तळ्यावर नेलं. या नावाचा अर्थच चिलटांचं तळं. बसचं दार उघडलं तशी चिलटं भाऊंच्या नाकातोंडात गेली. भाऊ माघारी फिरले, टोपी तोंडावर ओढून सीटवर झोपले. शेठ मात्र उतरले आणि काठाकाठानं हिंडून आले.

विमान मुंबईला टेकेपर्यंत भाऊंनी तळं पुरतं पाहिलं होतं.

आपल्याकडं दहाव्याला नदीकाठी प्रवचन झालं की पुढारी माइक घेऊन श्रद्धांजली वाहतात. भाऊ गेलेल्या माणसाला दोन वाक्यांत मार्गी लावत आणि तडक आइसलँडच्या ज्वालामुखीवर येत. "मधी बर्फाचं डोंगर तरंगत्यात आन कडंला पाणी उकळतंय. मी सवता अंघोळ केली," असं ते सांगत. शेठ मान खाली घालून बसत. भाऊ त्यांचं जुनं गिऱ्हाईक होतं.

पुढं धरणग्रस्तांच्या वस्तीवरचा चिमाजी वारला. त्या लोकांचं मूळ गाव धरणाखाली गेलं होतं आणि वस्ती वर माळावर बसवली होती. दारातून धरणाचं पाणी दिसायचं, प्यायला मात्र टँकर. दहाव्याला भाऊ निम्म्या तळ्यापर्यंत आले असतील, तोच चिमाजीची थोरली बहीण कोंडाबाई बायकांमधून बोलली.

"भाऊ, त्या तळ्याखाली कुणाचं गाव गेलंय?"

"कुणाचंच न्हाई, मावशी. ज्वालामुखीनं केलेली तळी ती."

"म्हंजी कुणाला उठवलं न्हाई?"

"न्हाई."

"बरंय त्यांचं. आमचं तळं सरकारनं केलंय. तुमाला तळ्यातलं एवढं कळतंय, तर त्यातलं घोटभर आमाला मिळंल असं बगा की."

भाऊंनी पहिल्यांदाच तळं अर्ध्यात सोडून माइक खाली ठेवला. घरी त्यांच्या बायकोनं, अंजनावहिनींनी ताट वाढलं, तेही तसंच राहिलं. आपल्याकडं कुणी काही मागावं, ही त्यांना नवी गोष्ट होती. आजवर लोक नुसते ते थांबायची वाट बघत आले होते.

आठवड्याभरात ते कोंडाबाईला आणि शेठना गाडीत घालून पाण्याच्या साहेबांकडं गेले.

"एक पाइप पायजे, साहेब. धरणापासनं वस्तीपातूर," कोंडाबाई म्हणाली.

साहेब नकाशा शोधू लागले. तेवढ्या फटीतून भाऊ आत शिरले. "पाणी म्हटलं की साहेब, मला आइसलँड आठवतं."

साहेबांचा चहा निवून साय धरली तरी भाऊ पहिल्याच तळ्यावर होते. साहेब मात्र हळूहळू पुढं सरकून बसले.

"एवढ्या थंडीत तिथं पाइप फुटत नाहीत?"

"ते असं हितं बसून सांगता यायचं न्हाई. समक्ष बघाय पायजे."

"बघायलाच हवं," साहेब म्हणाले. त्यांनी घंटी वाजवून शिपायाला ताजा चहा सांगितला. कोंडाबाईनं शेठकडं पाहिलं. शेठ पंख्याकडं बघत होते.

पुढच्या उन्हाळ्यात पाणीपुरवठा खात्याचा अभ्यासदौरा आइसलँडला रवाना झाला. पाच साहेब, तिघांच्या सौभाग्यवती आणि मार्गदर्शक म्हणून चांगदेवभाऊ. स्टँडवर निरोप देताना शेठ त्यांच्या कानाशी लागले. "भाऊ, या खेपेला तेवढं खाली उतरा."

भाऊ उतरले. तोंडाला मफलर गुंडाळून मीवात्नच्या काठावर उभे राहिले. राखी आभाळाखाली पाणी निवांत पडलं होतं, बदकं चरत होती. बर्फाचा डोंगर नाही, उकळी नाही. आपण सांगतो त्याच्या मानानं हे फारच किरकोळ आहे, असं त्यांना वाटलं आणि तळ्याचा थोडा रागच आला. साहेब लोकांनी त्यांना मधे घेऊन फोटो काढले.

पाइप काही आला नाही. दौरा यशस्वी झाला म्हणून भाऊंचा सत्कार मात्र झाला, तोही त्याच वस्तीवर. पाहुण्यांच्या चहासाठी त्या दिवशी टँकर सकाळीच आला. भाऊंनी भाषणात बर्फाचे डोंगर होते तिथं परत तरंगत ठेवले, वर एक वाढवला. हार घालायला कोंडाबाईला पुढं केलं होतं.

"बगितलं का नीट तळं?" तिनं विचारलं.

"लई बारकाईनं बगितलं, मावशी."

"आता आमचं बी बगा एकदा. हे काय, ह्या उताराखालीच हाय."

भाऊंनी मान वळवून उताराकडं पाहिलं, मग घड्याळाकडं. त्यांना ओझरला दुसऱ्या दहाव्यावर पोचायचं होतं. "येतो की एकदा सवडीनं," ते म्हणाले आणि हार हातात घेऊन गाडीत बसले. कोंडाबाई हंडा घेऊन टँकरकडं गेली.