चावी बंद केल्यावर

दुपारचं जेवण झालं की विश्वंभरआण्णा आरामखुर्चीत टेकतात. मांडीवर पुस्तिकेचं शेवटचं प्रूफ, हातात लाल पेन्सिल. डोळे मिटतात, तरी एक ओळ पापण्यांआड दिसतच राहते : 'रक्त तोडलं, की गाठ उपाशी मरते.'

कर्करोगाच्या रुग्णांसाठी त्यांनी हे लिहिलंय. शाळेत जीवशास्त्र शिकवलं, एवढंच भांडवल. ही ओळ कितीदा खोडली, पुन्हा लिहिली. चार वर्षांपूर्वी धाकट्या भावाला, दिगूला, त्याचं औषध सुरू होताना दवाखान्यात पुस्तकातलं पान दाखवत त्यांनी हीच ओळ ऐकवली होती. "मग सुटलो की!" दिगू म्हणाला होता. आठ महिन्यांत गेला.

"मास्तर, सरका जरा."

दिगू खुर्चीच्या हातावर बसलाय. अंगात नगरपालिकेचा खाकी शर्ट, खांद्यावर पाण्याचा व्हॉल्व्ह फिरवायची लांब, गंजलेली लोखंडी चावी. तीस वर्षं तो गावाला पाणी सोडत होता.

"दिगू, मला तुझी—"

"आधी वाचा, काय लिहिलंय."

आण्णा वर्गात वाचावं तसं वाचतात. "वाढत्या गाठीला रक्त कमी पडतं. ती रसायनातून निरोप धाडते. जवळच्या रक्तवाहिनीला तो पोचला की ती नवी फांदी फोडते, थेट गाठीपर्यंत. औषध तो निरोप वाटेतच अडवतं."

"म्हणजे चोराला पाइप शरीरच टाकून देतं?"

"हो."

"अगदी आमची नगरपालिका!"

खोली आता शिंपी गल्लीचा कोपरा आहे. भिंती कोमट, नाडीसारख्या उडणाऱ्या. फरशीत व्हॉल्व्हचा खड्डा. दिगू चावी त्यांच्या हातात देतो. "करा बंद."

आण्णा जीव खाऊन फिरवतात. पाण्याची धार तुटते.

"बघ, थांबलं!"

तेवढ्यात मागच्या गल्लीतून एक रबरी नळी सरपटत येते. आण्णा तिकडे धावतात, तिथली चावी आवळतात. मग तिसऱ्या गल्लीतून नळी येते. ते थकतात, चिडतात, चावी आपटतात.

"मी बंद केलं म्हणून लोक तहानलेले राहायचे का, मास्तर? नळ्या ओढायचेच."

"मग औषध खोटं होतं म्हणतोस?"

"खोटं कशाला? त्या आठ महिन्यांत नातीचं बारसं जेवलो. पण तुम्ही 'मरते' म्हणालात."

"मला माहीत नव्हतं रे."

"होतं. त्या पुस्तकात पुढच्याच पानावर होतं. मला दाखवताना तुम्ही पान उलटलं नाही."

"तू हसत होतास, दिगू. किती दिवसांनी हसला होतास."

दिगू आपटलेली चावी उचलतो. खड्ड्यात उतरतो, तसा लहान होत जातो.

"थांब, माफी तरी—"

खुर्ची करकरते. घड्याळात साडेतीन. प्रूफ मांडीवरच आहे.

आण्णा 'मरते' खोडतात. वर लिहितात : 'काही काळ थांबते. पुष्कळदा दुसरी वाट काढते.' मग ते पान उलटायला जातात आणि थबकतात. कोपऱ्यावर त्यांच्या अंगठ्याचा तांबूस ठसा उमटलाय.

ते तळहात उघडून पाहतात. दोन्ही हात गंजाने माखलेत.