नखावरचं दूध

पेणजवळच्या जोहे गावात गणपतीच्या कारखान्यात मी तेवीस वर्षं रंगकाम केलं. पांढरा रंग पातळ झालाय की बरोबर आहे, हे बघायची आमची रीत साधी. एक थेंब अंगठ्याच्या नखावर सोडायचा. खालचं नख दिसलं तर रंग पातळ. मी पातळ म्हटलं की मालकसुद्धा डबा परत घुसळायला लावायचा, त्यामुळे माझं नाक जरा वरच असायचं, हे कबूल करते.

सून रोह्याची. बाळंतपण तिकडेच झालं, आणि नातू दोन महिन्यांचा झाल्यावर ती घरी आली ती ऐन सीझनमध्ये. कारखाना घराच्या मागेच. ती मूर्तींचे दागिने रंगवायची, हात तिचा माझ्याहून हलका, आणि गिऱ्हाइकं दारात उभी. ओली बाळंतीण आहे, बसू दे घरात, असं माझ्या मनात आलं नाही असं नाही. आलं, आणि मी ते बाजूला सारलं.

पोर रडलं की मी हाक मारायची. ती हात धुऊन यायची, त्याला पदराखाली घ्यायची आणि मी समोर बसून घड्याळ बघायची. पाच मिनिटं एका बाजूला, पाच दुसऱ्या. मग मीच त्याच्या तोंडात करंगळी घालून सोडवायची. "बस झालं गो, भरलं पोट त्याचं. जा, मुकुट अर्धा राहिलाय." पोर चवताळून रडायचं. ती एकदा हळूच म्हणाली, "आई, अजून पितोय तो." मी म्हटलं, "आम्ही काय पोरं वाढवली नाय?" ती उठून मुकुट रंगवायला गेली.

महिनाभरात पोराची रया गेली. अर्ध्या अर्ध्या तासाने भूक, शी हिरवी, फेसाळ, आणि वजन जागच्या जागी. मी घाबरले होते, पण माझी भीती नेहमी रागाच्या कपड्यात बाहेर येते. एका दुपारी कारखान्यातच, तो जागा व्हायच्या आधी, मी सुनेला म्हटलं, दाखव तुझं दूध. तिने एक थेंब माझ्या नखावर पिळला. निळसर, पातळ. खालचं नख स्वच्छ दिसत होतं. कारखान्यातल्या सगळ्या बायकांच्या देखत मी बोलले, "पाणी हाय हे. पाणी पाजतेस गो तू त्याला." तिने पदर सावरला आणि घरात गेली. दुसऱ्या दिवशी मी पेणहून दुधाच्या पावडरचा डबा आणला. तो तिने उघडला नाही. मला राग आला आणि मी तिला रोह्याला धाडून दिलं. "तुझ्या आईला सांग चांगलं खायला घालायला, दूध घट्ट झालं की ये."

तीन आठवड्यांनी मी आणायला गेले. पोराला गाल आले होते. त्या दिवशी त्याची लस होती म्हणून मीही दवाखान्यात गेले. तिथल्या सिस्टरला मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं, माहेरचं खाणं मानवलं, दूध घट्ट झालं हिचं. सिस्टर म्हणाली, "दूध तेच आहे, आजी." तिने सुनेला पाजायच्या आधी थोडं एका वाटीत पिळायला लावलं. मग पोराला मनसोक्त पिऊ दिलं. त्याने आपणहून तोंड काढलं, तेव्हा शेवटचे थेंब दुसऱ्या वाटीत. मी बोट बुडवलं. पहिल्या वाटीतल्या दुधाखाली नख दिसत होतं. दुसरीतलं सायीसारखं, नख दिसेना.

"सुरुवातीचं पातळच असतं, त्याने तहान भागते," सिस्टर म्हणाली. "पितापिता स्निग्धांश वाढत जातो, बाळ भरतं ते त्याने. एक बाजू त्याने स्वतः सोडली की मगच दुसरी." मी त्याला रोज, दिवसातून आठ-दहा वेळा, ताटावरून उठवत होते, आणि वर त्याच्या आईला पाणी पाजतेस म्हणत होते.

सिस्टरने पोराच्या वजनाचं कार्ड बघितलं. "मग तिकडे जोह्याला वजन का थांबलं? मध्येच कोण काढायचं याला?"

सून माझ्याकडे न बघता म्हणाली, "मीच, सिस्टर. कामाची घाई असायची."

सिस्टर तिला लागली बोलायला. काम महत्त्वाचं की पोर, शिकलेली दिसतेस, अक्कल नको का. बाकावर चार बायका ऐकत होत्या. सून मान खाली घालून पोराची पाठ थोपटत राहिली. मला एवढंच म्हणायचं होतं की ती नाही, मी. पण सिस्टर थकेपर्यंत मी मांडीवर पिशवी घेऊन बसून राहिले, आणि मध्ये एकदा, देवा, मी मानसुद्धा हलवली, जशी काही मीही हेच तिला सांगत होते.