तिसऱ्या मजल्यावरचा सर्वसमावेशक वर्ग

जूनमधल्या एका रविवारी सकाळी दहा वाजून दहा मिनिटांनी हे सगळं सुरू झालं. वेळ पक्की आठवते, कारण वर्ग दहाचा होता आणि मला दहा मिनिटं उशीर झाला होता. तेव्हापासून दर रविवारी एक तरी किस्सा माझ्याबरोबर घरी येतोच. आमच्या मळ्यातल्या झेंडूसारखं आहे हे. आज सगळा खुडला म्हणावं, तर चार दिवसांत वाफा परत पिवळा. आमचे हे म्हणाले, रोज मलाच ऐकवतेस, त्यापेक्षा लिहून काढ. म्हणून लिहिते.

आधी वर्ग कसला ते सांगते. माझी शाळा सातवीला सुटली. अशा लोकांसाठी विद्यापीठाचा एक कोर्स आहे. सहा महिने दर रविवारी वर्ग, मग परीक्षा. पास झालं की दहावी-बारावी नसली तरी पदवीला प्रवेश. अट एकच, ऐंशी टक्के हजेरी भरली पाहिजे. नाही भरली तर परीक्षेला बसू देत नाहीत. माझी स्वरा अडीच वर्षांची आहे. लवकरच तिच्या शाळेचा फॉर्म भरायचा, आणि त्यात 'आईचं शिक्षण' असा रकाना असतो म्हणे. त्या रकान्याची मला आत्तापासूनच धडकी भरली आहे.

आता रविवारी स्वराला ठेवायचं कुठं? लग्नं, पूजा, उद्घाटनं, सगळ्यांना फुलं रविवारीच लागतात. घरातलं एकूण एक माणूस फुलबाजारात. म्हणून ती माझ्या कडेवर.

* * *

तर दहा वाजून दहा मिनिटांनी मी तिसऱ्या मजल्यावर वर्गाच्या दारात पोचले. आमचे संयोजक सर, म्हणजे हा वर्ग चालवणारे, बोलत होते. यंदापासून विद्यापीठाचं शिक्षण सर्वसमावेशक झालं आहे, म्हणाले. शब्द अवघड, म्हणून फळ्यावर अर्थ लिहून दिला. 'इथे कोणीही बाहेर राहणार नाही.' खडू खाली ठेवला, मागं वळले, मला पाहिलं.

"ताई, मूल घेऊन आत नाही बसता येणार. बाहेर थांबा."

खिडकीतून शिकवलेलं सगळं ऐकू येतं. हजेरीच्या सहीचा कागद मात्र खिडकीतून येत नाही. आणि व्हरांड्याच्या कठड्याला उभे गज, दोन गजांमध्ये स्वराचं डोकं सहज जाईल एवढी फट. मी हातानं मापून पाहिली. तिचा फ्रॉक मुठीत धरून तीन तास बसले. त्या दिवशी काय शिकलीस म्हणून ह्यांनी विचारलं, तर मी सांगितलं, कठड्याला अठ्ठावीस गज आहेत.

* * *

आमच्या वर्गात रमेशदादा आहेत. मोबाइल दुरुस्त करतात, पायाला पोलिओ, कुबड्या घेऊन चालतात. आमचा वर्ग भरतो त्या कॉलेजनं त्यांच्यासाठी नवा रॅम्प बांधला. गेटपासून ऑफिसपर्यंत. उद्घाटनाच्या फोटोसाठी दादांना त्याच्यावरून तीनदा चढवलं. पहिल्या फोटोत बोर्ड आला नाही, दुसऱ्यात सरांचे डोळे मिटले.

फोटो झाल्यावर दादांनी विचारलं, सर, वर्गच खाली घेता येईल का? तळमजल्यावर एक खोली रिकामी दिसत होती.

सर म्हणाले, "ती देता येणार नाही. तिथं सर्वसमावेशक समितीची बैठक असते."

दादा आजही जिन्याच्या पायरीपायरीवर बसत वर येतात. कुणी कौतुकानं रॅम्पचं विचारलं की सांगतात, "लय सोय झाली. तक्रार द्यायला ऑफिसात आरामात जाता येतं."

* * *

मग आली बोलीभाषा. हिरा नावाची मुलगी सुरगाण्याकडची, आदिवासी पाड्यावरची आहे, इथं एका हॉस्टेलच्या मेसमध्ये पोळ्या लाटते. वर्गात तोंड उघडत नसे. सरांनी जाहीर केलं, आता प्रत्येकानं आपापल्या बोलीत लिहायचं, लाजायचं नाही. विषय, माझं घर. हिरानं दोन पानं भरून लिहिलं. तिला पहिल्यांदाच हसताना बघितलं.

पुढच्या रविवारी वही परत आली. जागोजाग लाल गोल. सर म्हणाले, "बोली चालेल, पण शुद्ध पाहिजे."

हिरानं वही परत सरांपुढं धरली. मग म्हणाली, "सर, तुम्हीच शुद्ध करून द्या. आईला वाचून दाखवते. तिला तिचं घर वळखू येतं का बघू."

* * *

पुस्तकही बदललं हो. आपल्यासारख्यांचं जगणं पुस्तकात आलं पाहिजे म्हणून नवा धडा घातला, 'कष्टकरी सविता'. ही सविता द्राक्षबागेत कामाला जाते. श्रावणात द्राक्षाचे पिकलेले घड तोडते, डोक्यावरच्या टोपलीत टाकते आणि गाणी म्हणत घरी येते.

मी बाहेर बसायचे त्या खिडकीला लागून आत संगीताताई बसतात. पिंपळगावच्या पॅकहाउसमध्ये द्राक्षं निवडून पेट्या भरण्यात त्यांची बारा वर्षं गेली. धडा ऐकून त्या खिडकीतून मला म्हणाल्या, "द्राक्षं येत्यात माघ-फाल्गुनात, ही श्रावणात तोडती म्हणजे बाई जादूगार हाय. आन् डोक्यावरनं नेली तर निम्मा माल तिथंच चेंगरला. हिला आमच्याकडं एक दिवस ठेवणार नाय."

चाचणीत प्रश्न आला, द्राक्षबागेत काम करणाऱ्या स्त्रीच्या तीन अडचणी लिहा. ताईंनी एक पान भरून लिहिलं. दिवसभर उभं राहून पायाला येणारी सूज, औषध मारलेल्या बागेतली हाताची खाज, बाईमाणसाला आडोसा नसणं. मार्क शून्य. सविताला तीनच अडचणी होत्या, ऊन, पाऊस आणि अंधश्रद्धा.

ताई कागद घेऊन सरांकडं गेल्या. सरांनी शांतपणे समजावलं, "तुमचं खरं असेल हो. पण मार्क पुस्तकातल्या बाईला असतात."

* * *

माझे असेच सहा रविवार व्हरांड्यात गेले. सातव्या रविवारी संगीताताई माझ्यासाठी भांडल्या, तेव्हा सरांनी तोडगा काढला. आई आत, मूल बाहेर. मी दाराजवळचा बाक धरला. ओढणीचं एक टोक स्वराच्या कमरेला बांधलं, दुसरं माझ्या मनगटाला. ती दारापलीकडं चटईवर खेळायची. ओढणी ताणली गेली की माझा जीव गजांमध्ये अडकायचा. ढिली पडली की तेवढ्यात दोन ओळी लिहून घ्यायची. माझ्या वहीत एकही वाक्य पुरं नाही.

तरी मी खूश, कारण सही होत होती. पण परीक्षेच्या आधी फळ्याशेजारी यादी लागली. 'हजेरी अपुरी, परीक्षेस अपात्र.' खाली एकच नाव, माझं. आधीचे सहा रविवार गैरहजर.

सरांना म्हटलं, मी आले होते, तुम्हीच बाहेर बसवलं. ते म्हणाले, नियम विद्यापीठाचा आहे, माझ्या हातात काही नाही. त्या दिवशी घरी येईपर्यंत मी रिक्षात स्वराशी एक शब्द बोलले नाही. तिचा काय दोष होता?

* * *

त्यानंतरच्या शनिवारी खुद्द सरांचा फोन आला. उद्या विद्यापीठातून पाहणीला मॅडम येणार आहेत, मुलीला नक्की आणा, जरा बरा फ्रॉक घाला. मला वाटलं, माझ्या नावाचं काहीतरी होतंय. फ्रॉकला इस्त्री केली आणि तिला घेऊन गेले.

वर्गात मागच्या कोपऱ्यात रंगीत गादी, त्यावर अस्वल, ठोकळे, भिंतीवर कागद, 'बालस्नेही कोपरा'. अस्वलाच्या कानाला किमतीची चिठ्ठी तशीच. सरांनी स्वराला स्वतः उचलून गादीवर बसवलं. सहा महिन्यांत पहिल्यांदा.

मॅडम आल्या. रॅम्प पाहिला, पुस्तक पाहिलं, कोपरा पाहून खाली वाकल्या आणि स्वराला विचारलं, "बाळा, तू रोज इथं खेळतेस?"

स्वरानं अस्वल खाली ठेवलं. माझ्याजवळ आली, ओढणीचं टोक ओढून स्वतःच्या कमरेभोवती घेतलं, म्हणाली, "आई, बांध." आणि दाराबाहेर जाऊन फरशीवर बसली.

मॅडमनी सरांकडं बघितलं.

सर म्हणाले, "तिला मोकळी हवा आवडते."

मॅडम बाहेर गेल्या. कठड्यापाशी उभ्या राहिल्या, दोन गजांमधून आपला हात खांद्यापर्यंत घालून बघितला. आत येऊन हजेरीचा कागद मागितला. माझ्या नावावर बोट ठेवून विचारलं, "या सहा रविवारी या कुठं होत्या?"

"बाहेर होत्या, मॅडम."

"म्हणजे आल्या होत्या?"

"आल्या होत्या. पण वर्गात नव्हत्या."

"कुणी बसवलं बाहेर?"

सरांनी फळ्याकडं बघितलं. मॅडमनी पर्समधून पेन काढलं.

माझी परीक्षा येत्या रविवारी आहे. तुमच्या ओळखीत कुणी असेल, लेकरू लहान आहे म्हणून नाव घालायला घाबरणारी, तर तिला एवढा निरोप द्या. लेकराला घेऊन जा. बाहेर बसवलं तर बाहेर बस. पण सहीचा कागद मागून घे.