पदवी हातात पडेपर्यंत

"आधी पाय बघ," असं आम्हाला बजावून काकू स्वतःच खाली वाकायच्या. नाकावरून घसरणारा चष्मा एका बोटाने वर ढकलायच्या, खुणेसाठी ठेवलेल्या चकतीच्या मागेच आपला बूट आहे ना याची खात्री करायच्या, आणि मग कुठे हात उचलायच्या. तोवर मागच्या पोरांच्या हातातला चहा थंडगार.

तुम्ही म्हणाल, काकू काय, चकती काय! तर सांगते. लीड्सच्या आमच्या विद्यापीठात डिस्क गोल्फचा संघ होता. गोल्फच, पण चेंडूऐवजी प्लॅस्टिकची चकती फेकायची आणि खांबावरच्या साखळ्यांच्या टोपलीत पाडायची. जितक्या कमी फेकींत पडेल तितकं चांगलं. मैदान म्हणजे कौन्सिलचं पार्क, आणि प्रेक्षक म्हणजे कुत्री फिरवायला आलेली माणसं. पुण्याहून पीएचडीला आलेली मी या भानगडीत पडले, कारण परक्या गावात शनिवार खायला उठतो.

काकूंना त्यात ओढलं मीच. लायब्ररीत कुणीतरी प्रिंटरशी चक्क मराठीत भांडत होतं. "मेल्या, आत्ताच तर कागद घातला ना तुला?" वळून बघते तर साठीला टेकलेल्या बाई, सलवार-कमीजवर जाडजूड जॅकेट. लग्न होऊन सांगलीहून इथे आलेल्या, हॉस्पिटलच्या फार्मसीत नोकरी करून रिटायर झालेल्या. मुलगी केंब्रिजला, काका नुकतेच गेलेले. म्हणून इतिहासात एमए करायला घेतलं होतं. "घरात बसून भिंतींकडे किती बघायचं गं?" म्हणाल्या. मी म्हटलं, मग शनिवारी पार्कात या.

पहिल्याच दिवशी त्यांची चकती एका गृहस्थाच्या लॅब्रेडॉरच्या पाठीत बसली. "सॉरी हं, सॉरी, लागलं का रे बाळा?" करत काकू कुत्र्यामागे, कुत्रं चकती तोंडात धरून पुढे, आणि आम्ही गवतावर लोळून हसतोय. पण टोपलीजवळ आल्या की बाई बदलायच्या. मनगटाचा एक हलका झटका, आणि साखळ्या छन्न वाजायच्या. "कॅरमचा हात आहे," त्या म्हणायच्या. कॉलेजात असताना त्यांची कॅरमच्या संघात निवड झाली होती. दुसऱ्या गावी स्पर्धा होती. वडील म्हणाले, मुलीच्या जातीला कशाला हवेत हे उद्योग, आणि तो विषय तिथेच संपला. हे त्यांनी मला एकदाच सांगितलं, तेही चकतीवरचा चिखल पुसता पुसता.

म्हणूनच आमची कॅप्टन एमिली हिने त्यांना पाठीवर 'काकू' छापलेली संघाची जर्सी दिली, तेव्हा बाईंनी ती तिथेच जॅकेटवरून चढवली आणि तशाच बसने घरी गेल्या.

या खेळाची एक गंमत तुम्हाला सांगायला हवी. यात पंच नसतो. कुणाचा पाय चुकला तर खेळाडूंनीच बोलायचं आणि दुसऱ्या एकाने दुजोरा द्यायचा. बहुतेक जण भिडेखातर गप्प बसतात. काकू बसायच्या नाहीत. माझा पाय पुढे गेला की तीस माणसांत सांगायच्या. मी चिडले तर म्हणायच्या, "नियम म्हणजे नियम. उगाच तोंड फुगवू नकोस."

त्या सप्टेंबरात काकूंनी प्रबंध दिला. ऑक्टोबरच्या अखेरीस निकाल आला, पास झाल्या, आम्ही त्यांच्याकडे पुरणपोळ्या हाणल्या. पुढच्याच शनिवारी एमिलीने सगळ्यांना गोळा करून सांगितलं, की येत्या स्पर्धेत फक्त सध्या शिकत असलेल्यांनाच खेळता येईल. कोर्स संपलेल्यांनी सरावाला जरूर यावं, पण संघात नाही. "सगळे विद्यार्थीच आहोत ना?" तिने विचारलं. सगळे हो म्हणाले. काकू बुटाची नाडी बांधत होत्या. मी त्यांच्याकडे बघितलं, तर मान वर न करता मराठीत पुटपुटल्या, "पदवी अजून हातात कुठे पडलीय? समारंभ डिसेंबरात. तोवर मी विद्यार्थीच की."

आणि मला ते पटलं! पटणारच. आपल्याकडे पदवीदान होईपर्यंत कोण स्वतःला पदवीधर म्हणवतं? इथे मात्र निकाल लागला की तुमचं नाव कटतं. समारंभ हा नुसता टोप्या-गाऊनचा सोहळा. मला हे ठाऊक नव्हतं. काकू या देशात उभा जन्म काढलेल्या. ती नाडी मात्र त्या फार वेळ बांधत होत्या.

स्पर्धा दिवाळीनंतरच्या रविवारी होती. शेवटच्या सामन्यात बर्मिंगहॅमच्या संघाशी आमची बरोबरी, आणि शेवटच्या टोपलीवर उरल्या काकू आणि बर्मिंगहॅमची एक लाल केसांची मुलगी. पोरीने आठ-नऊ पावलांवरून सुरेख फेकली. साखळ्या वाजल्या, तिच्या मैत्रिणी ओरडल्या, आणि तिने आनंदात पुढे पाय टाकला. टोपलीच्या इतक्या जवळ फेकल्यावर आधी तोल सावरून उभं राहावं लागतं, मग पुढे जायचं.

"फूट फॉल्ट," काकू म्हणाल्या.

एमिलीने दुजोरा दिला. त्या मुलीच्या मैत्रिणीनेसुद्धा खाली बघत मान हलवली. एका फेकीचा दंड झाला, काकूंनी आपली चकती अलगद टोपलीत पाडली, आणि आम्ही जिंकलो. आम्ही काकूंना अक्षरशः उचललं. "अगं सोडा, पडेन, कंबर!" त्या ओरडत होत्या, आणि इतकं हसताना मी त्यांना कधीच पाहिलं नव्हतं.

ती मुलगी बाकावर बसून रडत होती. काकूंना ते बघवेना. पिशवीतला डबा काढून तिच्याशेजारी जाऊन बसल्या आणि तिला शंकरपाळे दिले. मीही गेले मागोमाग. पोर चांगली होती हो. डोळे पुसून तिने एक खाल्ला, दुसरा घेतला आणि सहज विचारलं, "तुम्ही काय शिकता?"

"हिस्ट्री," काकू म्हणाल्या. आणि मग, मायबाई, आवरतच नाही कुणाला आपला आनंद! "झालं सुद्धा शिकून. पास झाले मी. पुढच्या महिन्यात गाऊन!"

मुलीचं तोंड चालायचं थांबलं. "म्हणजे तुम्ही आता विद्यार्थी नाही?" तिने हळूच विचारलं. आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

काकू आपल्या बुटांकडे बघत राहिल्या. मग डब्याचं झाकण लावलं, उठल्या, आणि सरळ संयोजकांच्या टेबलाकडे चालू लागल्या. मी म्हटलं, "काकू, थांबा, आपण एमिलीशी बोलू आधी." त्यांनी माझा हात झटकला.

निकाल फिरला. आमचा संघ बाद, कप बर्मिंगहॅमला. एमिलीचं शेवटचं वर्ष होतं. ती "इट्स फाइन, काकू" म्हणाली आणि पाठ करून चकत्या मोजायला लागली. परतीच्या मिनीबसमध्ये कुणी गाणं लावलं नाही. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं, काकूंसाठी आणि माझ्यासाठीही. लीड्स जवळ आल्यावर त्या खिडकीकडे तोंड करून म्हणाल्या, "मला माहीत होतं गं. पुरतं नाही, पण अर्धं होतं. उरलेलं मी विचारलंच नाही."

दोन दिवसांनी त्या जर्सी घेऊन माझ्या दारात. धुतलेली, कडक इस्त्री केलेली, पिशवीत घडी घातलेली. "एमिलीला दे. माझं धाडस नाही." चहाला म्हटलं तर थांबल्या नाहीत. एमिलीने जर्सी हातात घेतली, पाठीवरचं नाव बघितलं आणि मलाच परत दिली.

समारंभाला त्यांची पाहुणी म्हणून माझं नाव होतं. साडी नेसून, फुलं घेऊन मी हॉलच्या दारात उभी, आणि बाईंचा पत्ता नाही. शेवटी त्यांनी फोन उचलला. "तू घरी जा बाळा. तो गाऊन मला शोभायचा नाही." मी पुष्कळ समजावलं, चिडलेही. "तिचा पाय खरंच पुढे होता," म्हणाल्या, "पण ते सांगायला मी तिथे असायलाच नको होते." नव्या वर्षात त्या घर आवरून मुलीकडे केंब्रिजला गेल्या. पदवी पोस्टाने आली असेल.

यंदा बर्मिंगहॅमचा संघ आमच्या पार्कात खेळायला आला. तीच लाल केसांची मुलगी आता त्यांची कॅप्टन आहे. तिने माझ्यामागे बघत विचारलं, "त्या गोड बिस्किटांवाल्या बाई कुठेत?" मी म्हटलं, त्या आता खेळत नाहीत. ती म्हणाली, "त्यांना सांगाल का? माझा पाय पुढे गेला होता. मला तेव्हाच कळलं होतं. त्या बोलल्या नसत्या तर मी गप्पच बसले असते."

मला कोण आनंद झाला! पार्कातूनच काकूंना फोन लावला, घाईघाईने सगळं सांगितलं. वाटलं, आता तरी बाईंच्या मनावरचं ओझं उतरेल.

"गुणाची पोर आहे," काकू म्हणाल्या. "तिनं आपलं सांगून टाकलं, कुणी न विचारता. मला तर एमिलीनं विचारलं होतं गं."

मी म्हटलं, "काकू, तुमची जर्सी आहे माझ्याकडे. पाठवू का?"

"नको. ती संघाची आहे," त्या म्हणाल्या. "तुझी पाळी आली असेल. जा, खेळ."

पाळी माझीच होती. खाली वाकून मी पाय बघितला. एमिलीने विचारलं तेव्हा हो म्हणणाऱ्यांत मीही होते. सगळे थांबले होते, पण मला लवकर मान वर करता येईना.