दोघांत राहिलेली पिकअप
तापलेल्या रेडिएटरच्या गंजक्या वाफेचा वास आला की थोरल्या भावाचा लालबुंद चेहरा आठवतो. बहात्तरच्या सुमारास आमची वाटणी झाली, तरी जुनी पिकअप दोघांत राहिली होती. गगनबावड्याच्या घाटात तिचा रेडिएटर फुटला, म्हणून गाडी ओढत कोडोलीला घरी आणली आणि नवा रेडिएटर गोठ्यापुढं बसवायला घेतला. “तुझ्या बाजूचे बोल्ट तू आवळ. माझ्याला हात लावायचा न्हाय,” तो खेकसला. मीही ईर्षेनं पाना फिरवला. रेडिएटर सरळ बसलाय का, हे कुणीच पाहिलं नाही. गाडी सुरू करताच पंख्याचं पातं नव्या जाळीत घुसलं आणि सगळं पाणी मातीत गेलं. “तुझ्याच बाजूनं वाकडा हाय!” दोघंही एकदम ओरडलो. ते आमचं शेवटचं बोलणं. आता तो राहिला नाही. पण खरं सांगतो, वाकडा त्याच्याच बाजूनं होता.