राणीचे पाच ठसे

चि. सुजय आणि चि. मैत्रेयी,

पुण्याच्या एका सभ्य गृहस्थाला मी एकदा पोस्टातून फसवलं होतं. हे आजवर तुम्हाला सांगितलं नव्हतं. पण परवा सुजयने फोनवर विचारलं, "आजी, जुनं नाणं ऑनलाइन विकताना पार्सलचा विमा काढावा का? आणि घेणारा फसवेल का गं?" विमा जरूर काढ, बाळा. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर लांब आहे, म्हणून हे पत्र.

ऐंशीच्या दशकात आम्ही सौसरला होतो. आजोबा सरकारी कचेरीत कारकून, मी शाळेत इंग्रजी शिकवत असे. तुमच्या आईला नागपूरला नर्सिंगला जागा मिळाली होती. वसतिगृहात भरायला मात्र पैसे नव्हते.

तेव्हा माझ्या सासूबाईंनी (त्यांना मी आत्याबाई म्हणे) कमरेच्या पिशवीतून चांदीचा एक रुपया काढला. राणीच्या छापाचा, त्यांच्या आईने लग्नात दिलेला. टाकसाळीच्या चुकीने राणीच्या हनुवटीखाली एक जादा रेघ उठली होती. मी एका मासिकातली जाहिरात पाहून पुण्याच्या एका संग्राहकाला पत्र टाकलं, तर त्याला नेमकी ती रेघच हवी होती! त्याने देऊ केलेली किंमत वाचून आजोबा उभे होते ते बसले, आणि बसले होते हे विसरून पुन्हा बसायला गेले.

"पोरीच्या शिक्षनासाठी देऊन राहिली," आत्याबाई म्हणाल्या. "पन माह्या मायची एवढीच निशानी हाय. सांभायून पाठवजो. तू इंग्रजी शिकली, तुले कोन फसवते?"

मी पोस्टाचे नियम वाचले. इंग्रजीतून, दोनदा. व्ही.पी. म्हणजे पोस्टमन आधी पैसे घेणार, मग पार्सल हाती देणार. म्हणजे आम्ही सुरक्षित. विमा म्हणजे वाटेत हरवलं तर पोस्ट भरपाई देणार. म्हणजे नाणं सुरक्षित. घेणाऱ्याच्या सुरक्षिततेचा विचार मी केला नाही. माझ्यापासून कुणाला धोका असेल, असं तोवर कुणी म्हटलं नव्हतं.

मग मी एका कार्डावर सात कामं लिहिली. डबी आणणे, कापूस घालणे, कापड बेतणे, आणि चौथं, नाणं ठेवणे. एकेक झालं की लाल पेन्सिलीने खूण. सातही खुणा करून, पार्सल शिवून, लाखेवर कोटाच्या बटणाचे ठसे उमटवून मी पोस्टात गेले.

टपालबाबूने पार्सल तोललं, उलटंसुलटं केलं. "बाई, विम्याच्या पार्सलले बटनाचं सील नाही चालत. बटन कोनाहीजवळ असते. चालू नाणंही नाही चालत. आपला वेगळा ठसा पायजे."

घरी येईपर्यंत मला उत्तर सापडलं होतं. (माझ्या इंग्रजी शिक्षणाचा तो परमोच्च क्षण!) चालू नाणं चालत नाही ना? मग केव्हाच बंद पडलेलं चालेल. आणि असा ठसा साऱ्या जिल्ह्यात दुसऱ्या कुणाकडे असणार?

आजोबांनी शिवण उसवली, डबीतून राणी काढून आत्याबाईंजवळ दिली. मी डबी परत बंद केली, कापड शिवलं. आजोबांनी मेणबत्तीवर लाख वितळवली, दोन बोटं भाजून घेतली, आणि मी आत्याबाईंच्या हातून राणी घेऊन पाच जागी दाबली. सुरेख उठली. कार्ड पाहिलं, सातही खुणा जागच्या जागी होत्या. पोस्टात वजनही सकाळइतकंच भरलं, कारण आम्ही लाख सढळ हाताने वापरली होती.

पंधरा दिवसांत पैसे आले. तुमची आई ट्रंक घेऊन नागपूरला गेली. त्यानंतर आठव्या दिवशी पुण्याचं पत्र आलं. पार्सल दोन साक्षीदारांसमोर उघडलं, आत फक्त कापूस निघाला, दहा दिवसांत पैसे परत न आल्यास पोलिसांत तक्रार करीन.

"चोर आहे मेला," मी म्हणाले, आणि त्याला तीन पानांचं इंग्रजी पत्र लिहिलं. त्यातले काही शब्द तर त्याच दिवशी शब्दकोशातून काढले होते. शिवाय पोस्टाकडे विम्याच्या भरपाईचा अर्ज केला.

अर्जाने भरपाई आली नाही, चौकशीचा साहेब आला. साऱ्या गल्लीच्या देखत आमच्या ओसरीवर बसून त्याने सांगितलं, "सील साबूत आहेत, बाई. म्हणजे वाटेत कोनी हात नाही लावला. विमा नाही भेटणार. एक तर घेनाऱ्यानं नाणं काढून घेतलं, नाही तर तुमी टाकलंच नाही."

टाकलंच नाही! मी त्याला कार्ड दाखवलं. त्याने ते फार काळजीपूर्वक वाचलं, म्हणजे त्याचा विश्वास बसला नाही.

तिसऱ्या दिवशी माझी नणंद सावरगावहून रडत आली. तिकडे नदीच्या अल्याड-पल्याड वर्षातून एकदाच, गोटमारीच्या जत्रेत, दगड मारतात, शब्द मात्र बारा महिने. "दादाले जेल झाली म्हनून आयकलं वो वहिनी!" दादा तेव्हा अंगणात दात घासत होते.

आत्याबाईंना आम्ही यातलं काही कळू दिलं नव्हतं. आईची निशाणी चोराने गिळली हे म्हातारीला कसं सांगायचं? नणंदेलाही दटावलं, आणि आत्याबाईंना "पोस्टाचं काम आहे" एवढंच सांगितलं. मुदतीच्या नवव्या दिवशी मी तुमच्या आईचं नाव नर्सिंगमधून काढून घेण्याचा अर्ज लिहायला बसले. आजोबांनी दौतीचं झाकण तीनदा लावलं आणि तीनदा काढलं.

त्याच दुपारी पुण्याहून रजिस्टर पाकीट आलं. त्यात लाल लाखेचा एक तुकडा होता, आणि मराठीत चार ओळी: "बाई, हा आपल्या पार्सलवरचा ठसा. भिंगाखाली हनुवटीची रेघ स्वच्छ दिसते. नाणं मला पाचही वेळा बाहेरून पोचलं. आतून कधी पाठवता?"

आम्ही दोघं घरभर नाणं शोधू लागलो. गाद्या उलट्या केल्या, पिठाचा डबा चाळला.

"काय पायता?" आत्याबाईंनी विचारलं.

"तुमचा रुपया, आत्याबाई."

त्यांनी कमरेची पिशवी सोडली आणि राणी माझ्या हातावर ठेवली. लख्ख. लाख खरवडून, चिंच लावून घासलेली. "तुमी ठसा पाठवला ना? मंग रुपया म्या ठून देला."

"अहो, त्याला नाणं हवं होतं!"

"मले काय मालूम? वावराच्या कागदावर साहेबानं माहा आंगठा घेतला, हात थोडी कापून नेला." मग पिशवीचा बंद आवळत म्हणाल्या, "म्या म्हटलं, पुन्याचे लोक भले हायेत. मायची निशानीही राहू देली अन् पोरही शिकवून राहिले."

मी पुण्याला दुसरं इंग्रजी पत्र लिहिलं. ते दोन ओळींचं झालं. चिंचेने घासलेल्या नाण्याची किंमत कमी होते हे त्या गृहस्थाने कळवलं, पण पैसे परत मागितले नाहीत.

दुसऱ्यांदा पार्सल करताना लाखेवर ठसा ट्रंकेच्या किल्लीचा मारला. नाणं आत्याबाईंनी आपल्या हाताने डबीत ठेवलं. एकदा पदराने पुसलं, ठेवलं आणि डोळे मिटून घेतले. मग म्हणाल्या, "त्या कारडावर माहा आंगठा घे. तुह्या खुनेचा भरोसा नाही."

तुमची आई शिकली. नाणं पुण्यात आहे. लाखेचा तो तुकडा माझ्या कपाटात काडेपेटीत आहे, राणीचं नाक झिजलंय, रेघ दिसते. सोबत ते कार्डही आहे. चौथ्या ओळीसमोर माझी लाल खूण आहे, आणि तिच्या शेजारी आत्याबाईंचा अंगठा. त्या दोन्हींपैकी खरा तो अंगठा.